गायक गेला तर बँडने नाव ठेवावं की सोडावं?

तिसरी_तार (धागाकर्ती)

लिंकिन पार्कने सप्टेंबर २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँगला पुढे आणलं तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, आणि आमच्या ग्रुपमध्ये त्यावरून इतकी भांडणं झालीत की शेवटी इथे मांडतेय.

त्यांचा आधीचा गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ मध्ये गेला. त्यानंतर सात वर्षं जुन्या रेकॉर्डिंगमधली काही गाणी बाहेर आली तेवढीच, बाकी बँड शांत. आणि मग एकदम नवीन गायिका, नवीन ड्रमर, नोव्हेंबरमध्ये 'फ्रॉम झीरो' हा अख्खा नवा अल्बम, आणि नाव मात्र तेच. माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीने चेस्टरचा आवाज कानाला लावून कॉलेजची अतिशय वाईट वर्षं काढलीत. तिने तो अल्बम आजपर्यंत लावलेला नाही. ती म्हणते एमिली वाईट गाते असं मी म्हणतच नाहीये, पण ते नाव घेतलं की मला एकच चेहरा दिसतो, आता तो नसेल तर तुम्ही हाक कुणाला मारताय? मला तिचं पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

माझं मत सांगते. नाव ठेवावं, पण नवीन गाणी करायची धमक असेल तरच. नुसती जुनीच गाणी नव्या गळ्यातून वाजवत फिरायचं असेल तर नावात तसं स्पष्ट लिहावं.

माझ्यासाठी यातलं सगळ्यात मोठं उदाहरण एसी/डीसी. त्यांचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला गेला, वय फक्त ३३. 'बॅक इन ब्लॅक' बाजारात आला त्याच वर्षी २५ जुलैला. म्हणजे जेमतेम पाच महिने, आणि त्यात गायक शोधला, गाणी लिहिली, बहामामध्ये जाऊन रेकॉर्डिंग केलं. आकडे बघितले तर वाटतं किती घाई, माणूस गेल्याचं दुःख तरी झालं का यांना. पण तो अल्बम हातात घेऊन बघा. कव्हर पूर्ण काळं आहे, शोकाचं. आणि पहिलं गाणं सुरू होतं ते घंटेच्या टोलांनी, मोठ्या जड घंटेचे टोल, एकेका टोलामध्ये भरपूर जागा सोडलेली, मग हळूहळू गिटार येते, मग ड्रम, आणि मिनिटभराहून जास्त वेळ कुणी गातच नाही. मी पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं तेव्हा मला कळत होतं की ही जागा त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवलीय. आणि त्यानंतर ब्रायन जॉन्सन येतो तो बॉनची नक्कल करायला जात नाही, त्याचा तो वरच्या पट्टीतला खरवडल्यासारखा आवाज घेऊन येतो. गेलेल्याचा मान राखून नाव पुढे कसं न्यायचं हे मला तिथे ऐकू येतं.

आणि हे पण लक्षात घ्या की बॉन स्वतः त्या बँडचा पहिला गायक नव्हताच! १९७४ मध्ये डेव्ह इव्हान्स बँडमधून बाहेर पडला आणि बॉन आला.

तुम्हाला काय वाटतं? उदाहरणांसकट लिहा.

मंद्रसप्तक

धागा आवडला, मत मात्र अजिबात पटलं नाही. नाव ठेवून जिंकलेल्यांचं उदाहरण दिलंत, मी सोडून जिंकलेल्यांचं देतो.

जॉय डिव्हिजन. त्यांचा गायक इयन कर्टिस १८ मे १९८० ला गेला, बघा, तुमच्या बॉन स्कॉटनंतर जेमतेम तीन महिन्यांनी. वय २३. दुसऱ्याच दिवशी बँड पहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघणार होता. चौघांचं आधीपासून ठरलेलं होतं की आपल्यातला एक जरी कमी झाला तर हे नाव वापरायचं नाही. उरलेल्या तिघांनी शब्द पाळला. न्यू ऑर्डर हे नाव घेतलं, गाणार कोण यावर बरेच दिवस चाचपडले, शेवटी गिटारवाला बर्नार्ड समनर माइकपाशी उभा राहिला, ज्याला गायक व्हायचंच नव्हतं. नव्या नावाने पहिला सिंगल काढला १९८१ मध्ये, तो पण इयन असताना केलेल्या गाण्याचा. आणि १९८३ मध्ये 'ब्लू मंडे'. ड्रम मशीन, सिंथ, क्लबमध्ये नाचायचं गाणं. आता मला सांगा, जॉय डिव्हिजन या नावाखाली हे गाणं करायची त्यांची हिंमत झाली असती का? लोकांनी करू दिलं असतं का? जुनं नाव ठेवलं असतं तर प्रत्येक कार्यक्रमात इयनच्या सावलीत उभं राहावं लागलं असतं. नाव सोडल्यामुळे ते मोकळे झाले, असं माझं ठाम मत आहे.

गायक झॅक बँड सोडून गेल्यावर रेज अगेन्स्ट द मशीनच्या उरलेल्या तिघांनी क्रिस कॉर्नेलला घेऊन ऑडिओस्लेव्ह काढला तेव्हाही हेच. वाद्यं तीच, माणसं तीच, पण शब्द झॅकचे होते आणि ते नाव त्या शब्दांचं होतं.

पावसाळी

मंद्रसप्तक, +१. आणि निर्वाणाचं तर बोलायलाच नको. गायक कर्ट कोबेन गेल्यावर ड्रमर डेव्ह ग्रोलने फू फायटर्स काढला, निर्वाणा या नावाला हात लावला नाही. काही नावं मिटवून ठेवायचीच असतात.

रिफवेडा

मला कळत नाही की गायकालाच एवढं डोक्यावर का घेतात लोक, म्हणजे समोर तो उभा असतो, फोटो त्याचा येतो, मान्य, पण ब्लॅक सॅबथ म्हटल्यावर माझ्या कानात आधी टोनी आयोमीची गिटार वाजते, कारखान्यात बोटांची टोकं गेलेला माणूस, त्यावर टोप्या चढवून वाजवणारा, तारा सैल करून तो जो जड आवाज त्याने काढला तो म्हणजे सॅबथ, गायक ऑझीला १९७९ मध्ये काढलं आणि त्याच्या जागी डिओ आला आणि १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' आला, तो सॅबथचाच अल्बम आहे आणि जबरदस्त आहे.

आयर्न मेडनचं बघा. गायक पॉल डिअॅनो बँडमधून बाहेर पडला, ब्रूस डिकिन्सन आला, १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' आज कुणी म्हणेल का की तो खरा मेडन नाही? बँड बेसवाल्या स्टीव्ह हॅरिसने काढलेला, गाणी बरीचशी त्याची. जेनेसिसमधून गायक पीटर गॅब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला, गायक शोधायला ढिगाने ऑडिशन घेतल्या आणि शेवटी मागे ड्रमवर बसलेला फिल कॉलिन्सच पुढे आला. घरचाच माणूस! व्हॅन हेलेनमध्ये तर नाव दोन भावांचं आडनावच आहे, गायक डेव्हिड ली रॉथ सोडून गेला म्हणून काय भावांनी स्वतःचं आडनाव टाकून द्यायचं का? सॅमी हेगर आल्यावर १९८६ मध्ये '५१५०' आला, तो अमेरिकेत पहिल्या नंबरला पोचलेला त्यांचा पहिला अल्बम.

जो रिफ, म्हणजे गाण्यातली परत परत येणारी गिटारची धून, लिहितो त्याचं नाव. माझा हिशोब सरळ आहे.

मंद्रसप्तक

@रिफवेडा, सॅबथचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. २००६ मध्ये आयोमी, गीझर बटलर, डिओ आणि विनी अॅपिस परत एकत्र आले तेव्हा त्यांनी सॅबथ हे नाव न वापरता 'हेवन अँड हेल' या नावाने दौरे केले आणि २००९ मध्ये अल्बम काढला. तोच आयोमी, तीच गिटार. तरी वेगळं नाव घेतलं. लोकांना काय ऐकायला मिळणार हे आधीच कळलं, ऑझीची गाणी मागायला कुणी आलं नाही. मला ते फार सभ्यपणाचं वाटतं.

साक्षीपुरावा

वकिली करते आणि रॉक ऐकते, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं शक्य नाही.

नाव कुणाचं हा प्रश्न भावनेचा आहेच पण शेवटी तो कागदावर येतो, आणि कागद आधी केलेला नसेल तर फार कडू होतं. यातलं सगळ्यात विलक्षण प्रकरण डीप पर्पलचं. १९७६ मध्ये बँड बंद पडला होता. १९८० मध्ये डीप पर्पल नावाने अमेरिकेत कार्यक्रम व्हायला लागले आणि स्टेजवर मूळ बँडमधला एकच माणूस, रॉड इव्हान्स. तो कोण? तर बँडचा पहिला गायक, पहिले तीन अल्बम त्याने गायलेले. म्हणजे बघा, खरा पहिला गायक हजर आणि बँड खोटा! लोक चिडले, मूळ बँडची माणसं कोर्टात गेली आणि ६,७२,००० डॉलर भरपाईचा निकाल लागला. जे म्हणतात गायक म्हणजेच बँड, त्यांनी या प्रकरणाचा विचार करावा.

आता उलटी बाजू. द डोर्स. जिम मॉरिसन ३ जुलै १९७१ ला पॅरिसमध्ये गेला. उरलेल्या तिघांनी नाव ठेवून दोन अल्बम काढले, ते फारसे चालले नाहीत आणि १९७३ मध्ये थांबले. ते ठीक होतं, तिघंही सोबत होते. पण २००२ मध्ये रे मॅन्झरेक आणि रॉबी क्रीगरने द कल्टच्या इयन अॅस्टबरीला घेऊन 'द डोर्स ऑफ द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' सुरू केलं आणि ड्रमर जॉन डेन्समोरने आपल्याच जुन्या मित्रांवर केस केली. मॉरिसनच्या कुटुंबाची बाजूही त्याच्यासोबत. का? कारण जिमच्या काळात चौघांनी ठरवलं होतं की पैसा चौघांत समान वाटायचा आणि एकाचा जरी नकार असला तरी ती गोष्ट करायची नाही. १९६८ मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं गाडीच्या जाहिरातीला द्यायचं ठरत होतं तेव्हा जिमने मोडता घातला होता. डेन्समोर केस जिंकला, त्या दोघांना नाव बदलावं लागलं. त्या वादात मैत्री किती पोळली असेल याचा विचार करून मला अजूनही वाईट वाटतं. तिघांचंही जिमवर प्रेम होतं, यात मला शंका नाही.

तिसरी_तार, तुमचा नवीन गाण्यांचा निकष मला आवडला पण पुरेसा वाटत नाही. आधी चौघांत काय ठरलं होतं, हा प्रश्न मी पहिला विचारेन.

नीरव

अॅलिस इन चेन्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लॉगिन केलं.

त्यांचा गायक लेन स्टेली एप्रिल २००२ मध्ये गेला. २००६ पासून विल्यम डुव्हॉल गाऊ लागला आणि २००९ मध्ये 'ब्लॅक गिव्ज वे टू ब्लू' आला. मी लेनचा निस्सीम चाहता, हा अल्बम ऐकायचाच नाही असं ठरवलेलं. ऐकला, आणि पहिल्याच गाण्यात ओळखीचा आवाज आला. मला काही क्षण समजेना हे काय होतंय. मग कळलं की या बँडचा आवाज कधी एका गळ्याचा नव्हताच. लेन आणि गिटारवाला जेरी कॅन्ट्रेल, दोघं एकदम गायचे, ते जे थोडे टोचणारे, जवळजवळ बेसूर होतील असे वाटणारे जोडस्वर होते ना, तो त्यांचा आवाज. त्यातला अर्धा आवाज जेरीचा आणि तो जिवंत होता, गात होता. डुव्हॉलने उरलेल्या अर्ध्या जागेत अदबीने स्वतःचा आवाज ठेवला. शेवटचं गाणं लेनसाठी आहे, पियानोवर एल्टन जॉन. ते मी एका रात्रीत सात-आठ वेळा ऐकलं.

त्यामुळे माझ्या मते गायकाच्या आवाजाचा किती भाग उरलेल्यांच्या गळ्यात आणि हातात शिल्लक आहे हे बघायला हवं. न्यू ऑर्डरमध्ये तसा उरलेला गळा नव्हता, म्हणून त्यांचा निर्णय मला तितकाच योग्य वाटतो.

तिसरी_तार

नीरव, हे फार सुंदर लिहिलंयत. जोडस्वरांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. लिंकिन पार्कमध्येही पहिल्या अल्बमपासून दोन आवाज होते, चेस्टर आणि माइक शिनोडा. म्हणजे अर्धा आवाज अजून तिथेच आहे. हे मैत्रिणीला सांगणार आहे आज.

साक्षीपुरावा, डेन्समोरबद्दल वाचून माझं मत हललंय. नुसती नवीन गाणी पुरत नाहीत, मान्य.

क्वीनचं काय मत आहे कुणाचं? फ्रेडी नोव्हेंबर १९९१ मध्ये गेला, बेसवाला जॉन डीकन १९९७ मध्ये निवृत्त झाला, आणि ब्रायन मे आणि रॉजर टेलरने नावाला अधिकचं चिन्ह जोडलं. क्वीन अधिक पॉल रॉजर्स, मग क्वीन अधिक अॅडम लॅम्बर्ट. मला ते चिन्ह खूप आवडतं. फ्रेडीची खुर्ची रिकामीच आहे, शेजारी एक खुर्ची टाकलीय, असं त्यात वाचता येतं.

रिफवेडा

क्वीनला शंभर टक्के अनुमोदन. थिन लिझीनेही फार चांगलं केलं. फिल लिनॉट १९८६ मध्ये गेला, नंतर जुनी गाणी वाजवत ते त्याच नावाने फिरले, पण नवीन गाणी रेकॉर्ड करायची वेळ आली तेव्हा फिलशिवाय नवीन अल्बमवर ते नाव छापायला मन धजेना म्हणून ब्लॅक स्टार रायडर्स हे वेगळं नाव घेतलं. म्हणजे तिसरी_तारच्या नियमाच्या बरोबर उलट! जुनी गाणी जुन्या नावाने, नवीन गाणी नव्या नावाने. यावर मी दोन दिवस विचार करतोय आणि मला हेही पटतंय.

पावसाळी

आपल्याकडचं एक. इंडियन ओशनचे असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले. तबला आणि आवाज दोन्ही त्यांचं. पुढे तबल्यावर एक जण आणि गायनासाठी दुसरा असे दोघं आले आणि नाव तेच राहिलं. एका माणसाच्या जागी दोन माणसं लागली यातच सगळं आलं.

आणि घरातलं माणूस आलं तर? सब्लाइमचा ब्रॅडली नोवेल १९९६ मध्ये गेला तेव्हा त्याचा मुलगा जेकब ११ महिन्यांचा होता. २००९ मध्ये उरलेल्यांनी दुसरा गायक घेऊन नाव वापरायचा प्रयत्न केला तर कोर्टाने अडवलं, मग 'सब्लाइम विथ रोम' असं नाव करावं लागलं. आणि आता जेकबच वडिलांच्या जागी उभा राहून गातो, नाव नुसतं सब्लाइम. मी आधी म्हटलं काही नावं मिटवून ठेवायची असतात, पण या मुलाला कुणी कसं नाही म्हणेल?

साक्षीपुरावा

लिनर्ड स्किनर्डमध्ये धाकटा भाऊ आला. ऑक्टोबर १९७७ च्या विमान अपघातात रॉनी व्हॅन झँट गेला, दहा वर्षांनी जॉनी व्हॅन झँट माइकवर उभा राहिला. तरी रॉनीची पत्नी कोर्टात गेली, कारण अपघातानंतर नाव परत वापरायचं नाही असं ठरलं होतं. शेवटी १९८८ मध्ये अटी घालून तडजोड झाली. म्हणजे रक्ताचं नातं असलं तरी दिलेला शब्द उरतोच.

चौथा_ठोका

सगळे प्रतिसाद वाचले. मी ड्रमर आहे, छोट्या बँडमध्ये, कुणी नाव ऐकलेलं नसेल असा. दोन गोष्टी लिहायच्यात.

पहिली. १९८० मध्ये तीन बँडवर हे संकट आलं. फेब्रुवारीत एसी/डीसी, मे महिन्यात जॉय डिव्हिजन, ती दोन्ही इथे आली. तिसरं २५ सप्टेंबरला. लेड झेपेलिनचा जॉन बोनम. गायक धडधाकट होता, गिटार होती, बेस होता, फक्त ड्रमर गेला. आणि ४ डिसेंबरला त्यांनी जाहीर केलं की आम्ही आता पूर्वीसारखे राहू शकत नाही, थांबतोय. २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरते परत उभे राहिले तेव्हा ड्रमवर त्याचा मुलगा जेसन होता. धाग्याच्या शीर्षकात फक्त गायक आहे म्हणून हे सांगावंसं वाटलं.

दुसरी गोष्ट आमची. पाच जण, नऊ वर्षं. आमच्या गायकाच्या गळ्याला गाठी झाल्या, उपचार झाले, पण तीन तास ओरडून गाणं आता त्याला जमणार नाही. दोन महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच सांगितलं की दुसरं कुणी बघा. एक मुलगी मिळाली, फार ताकदीची गाते. पण तो सहा फूट उंच आणि ही बरीच बुटकी. पहिल्या तीन रिहर्सलला माइकचा स्टँड त्याच्याच उंचीवर होता, आमच्यातल्या कुणाचाच हात त्या स्क्रूला लागला नाही, आणि तिनेही काही न बोलता हनुवटी वर करून गायलं. मी मागे बसून तिची मान बघत होतो आणि ठोका चुकत होतो. बँडचं नाव त्याने ठेवलेलं आहे. माझ्या बेस ड्रमवर त्याच्याच हाताने रंगवलंय. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे आणि आयोजक विचारतायत पोस्टरवर काय छापू.

नीरव

त्याला विचारलंत का?

चौथा_ठोका

नाही ना. तेच तर. चौघांत तीन मतं आहेत आणि पाचव्याला कुणी विचारलेलं नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून.

साक्षीपुरावा

विचारा. या धाग्यावरच्या किती बँडना ही संधीच मिळाली नाही. तुमचा माणूस फोन उचलू शकतो.

तिसरी_तार

हेच लिहायला आले होते. आणि प्लीज इथे येऊन सांगा काय झालं ते.

चौथा_ठोका

अपडेट. फोन करायच्या आधीच रविवारी तो रिहर्सलला येऊन बसला, न सांगता. पहिलं गाणं अर्धं झालं आणि तो उठला, आम्ही सगळे थांबलो, त्याने स्टँडचा स्क्रू सैल केला, माइक तिच्या तोंडासमोर आणला, परत आवळला आणि जाऊन बसला. शेवटी सेटलिस्टचा कागद मागून घेतला. बारा गाणी होती. पेनने दोन खोडली, म्हणाला ही दोन माझी आहेत, ही कुणी गायची नाहीत, बाकीची दहा घ्या, आणि हिला दोन नवीन करायला सांगा. ती दोन कुठली असतील हे मला आधीच माहीत होतं.

नावाचं बोलणं झालंच नाही. तो निघाला तेव्हा माझ्या ड्रमपाशी दोन मिनिटं उभा होता, पण तेव्हा बाकीचे वायरी गुंडाळत होते आणि माझ्याच्याने विचारवलं नाही. आयोजकाला शुक्रवारपर्यंत कळवायचंय. उद्या संध्याकाळी त्याच्या घरी जातोय.